बोला अनलिमिटेड... पण किती दिवस?

कॉल फुकट, एसेमेस रोज शंभर, डेटा दीड जीबी. सगळ्याच कंपन्यांची टेप सारखीच. मग प्लॅन निवडायचा कसा? जाहिरात बघून नाही बॉस, स्वतःच्या सवयी बघून!

रात्री नऊ वाजता मला एक मिस्ड कॉल येतो. वाईहून, आईचा. दोन रिंग आणि कट. त्याचा अर्थ असा, की जेवले, गोळी घेतली, दाराला कडी लावली, आता तूही जेव. कॉल फुकट झाले त्याला जमाना लोटला, पण आईचं 'उगीच पैसे कशाला घालवायचे' काही सुटलेलं नाही.

मध्यंतरी एकदा तो मिस्ड कॉल आलाच नाही. म्हटलं, गेली असेल कुणाच्या लग्नाला. दुसऱ्या दिवशी मी डेडलाइनमध्ये बुडालेले, लक्षातच आलं नाही. तिसऱ्या दिवशी मात्र पोटात गोळा आला. फोन लावला, तर रेकॉर्ड केलेल्या बाईंनी थंडपणे सांगितलं, की या नंबरवरची इनकमिंग सेवा बंद आहे. शेवटी शेजारच्या काकूंना फोन केला. त्या धावत जाऊन आईला घेऊन आल्या. आईचा आवाज एकदम नॉर्मल. म्हणाली, "अगं, मी रोज लावत होते. ती बाई काहीतरी बोलायची आणि कट. म्हटलं, रेंज नसेल. तीन दिवस कुणाचाच फोन नाही आला. मला वाटलं, तुम्ही सगळे कामात असाल."

रिचार्ज संपला होता. बस्स, एवढंच. तो मारायचं काम माझं होतं आणि मी विसरले होते.

पण खरी लाज पुढेच वाटली. मी आईच्या नंबरला काय मारत होते ते उघडून बघितलं, तर अ‍ॅपमध्ये सगळ्यात वर दिसणारा २८ दिवसांचा प्लॅन, रोज दीड जीबी डेटासकट. आणि आईचा फोन? बटणांचा! वर्षभर मी एका साध्या फोनला रोज दीड जीबी इंटरनेट पाजत होते.

तुम्ही हसताय? थांबा. तुमच्या स्वतःच्या प्लॅनमध्ये काय काय आहे, पटकन सांगा बघू!

सोळा रुपयांपासून शून्यापर्यंत

भारतातला पहिला मोबाइल कॉल झाला ३१ जुलै १९९५ला. कोलकात्याहून तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसू दिल्लीत दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी बोलले. त्या काळी एका मिनिटाला सोळा रुपयांच्या घरात पैसे पडायचे. आलेला फोन उचलला तरी मीटर पळायचं! इनकमिंग फुकट झालं २००३मध्ये. २००६मध्ये बीएसएनएल-एमटीएनएलनं 'वन इंडिया' आणून देशात कुठंही मिनिटाला एक रुपया केला. २००९मध्ये टाटा डोकोमोनं सेकंदाला एक पैसा हा फंडा आणला आणि बाकीच्यांनाही त्यामागे धावावं लागलं. सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आलं आणि कॉलचा वेगळा हिशेबच संपला.

आपल्या फोनच्या सवयी या दरांनीच घडवल्या. 'पोचलास की मिस्ड कॉल दे' हे अख्ख्या पिढीचं ब्रीदवाक्य होतं. दिवाळीच्या शुभेच्छा दोन दिवस आधीच यायच्या, कारण सणाच्या दिवशी एसेमेस पॅक चालायचा नाही आणि प्रत्येक एसेमेसचे पैसे पडायचे. ताईनं कॉलेजात घेतलेलं हचचं सिम आजही तिच्याकडे आहे. कंपनीचं नाव मात्र २००७मध्ये व्होडाफोन झालं, २०१८मध्ये आयडिया त्यात मिसळली आणि २०२०मध्ये दोघांचं मिळून 'व्ही' झालं. नंबर तोच, बारसं तीनदा!

तेव्हा तुलना सोपी होती. मिनिटाला किती आणि एसेमेसला किती, दोन आकडे बघितले की झालं. आता बोलण्याचा दर सगळ्यांकडे शून्य. मग दर महिन्याला आपण पैसे कशाचे देतो? उत्तर दोन शब्दांत आहे : दिवसांचे आणि डेटाचे.

यातली 'दिवसां'ची गोष्ट सगळ्यात गमतीची. २००५च्या डिसेंबरात 'लाइफटाइम' कार्डांची लाट आली होती. ९९९ रुपये एकदा भरा, इनकमिंगला व्हॅलिडिटीचं टेन्शन नाही! आईचा नंबरही असाच 'लाइफटाइम'वाला. २०१८च्या अखेरीस मोठ्या खासगी कंपन्यांनी किमान रिचार्ज आणला आणि लाइफटाइमचं आयुष्य २८ दिवसांवर आलं. आईच्या डोक्यात मात्र ते कार्ड अजून लाइफटाइमच आहे. तुमच्या आई-बाबांच्याही असेल, विचारून बघा.

आधी स्वतःची झडती

प्लॅन बदलण्याआधी एक संध्याकाळ स्वतःसाठी काढा. फोनमध्ये सगळी माहिती आहे, फक्त बघायची सवय नाही. गेल्या महिन्याचे चार आकडे कागदावर लिहा :

• मोबाइल डेटा रोज सरासरी किती लागला? (वायफायचा धरू नका. सेटिंग्जमध्ये दोन्ही वेगवेगळे दिसतात.)

• साध्या नेटवर्कवरून किती बोललात आणि व्हॉट्सअ‍ॅप कॉलवरून किती? व्हॉट्सअ‍ॅप कॉल हा डेटाच्या खात्यात जातो.

• साधे एसेमेस किती पाठवले? आलेले ओटीपी यात मोजू नका, ते फुकटच येतात.

• वर्षातून किती वेळा रिचार्ज केला?

चौथा आकडा अनेकांना चकित करतो. उत्तर बारा नाही, तेरा येतं! २८ दिवसांचा प्लॅन घेतला, की ३६४ दिवसांत तेरा रिचार्ज होतात. 'महिन्याचा' म्हणून आपण जे भरतो ते महिन्याचं नसतंच. जानेवारी २०२२मध्ये ट्रायनं, म्हणजे दूरसंचार नियामकानं, कंपन्यांना सांगितलं की ३० दिवसांचा आणि दर महिन्याला त्याच तारखेला येणारा असे निदान एकेक प्लॅन ठेवाच. फरक किती? जुलै २०२४च्या दरवाढीनंतरचे जिओचे आकडे घ्या. रोज दीड जीबीचा २८ दिवसांचा प्लॅन २९९ रुपये, तोच कॅलेंडर महिन्याचा ३१९. दिसायला दुसरा महाग. पण तेरा गुणिले २९९ म्हणजे ३८८७ आणि बारा गुणिले ३१९ म्हणजे ३८२८. एकोणसाठ रुपये वाचले आणि तारीख लक्षात ठेवायची कटकटही गेली.

तुम्ही यातले कोण?

१. 'पोचले का'वाले. मुख्य काम फोन उचलण्याचं. स्वतःहून दिवसाला दोन-तीन कॉल. आपले आई-बाबा, आजी-आजोबा यातलेच. यांना डेटा नको, लांबलचक व्हॅलिडिटी हवी. डिसेंबर २०२४मध्ये ट्रायनं नियम केला, की फक्त कॉल आणि एसेमेसचा निदान एक प्लॅन प्रत्येक कंपनीनं द्यायचाच. अशा रिचार्जची कमाल मुदतही ९० दिवसांवरून ३६५ दिवसांवर नेली. जानेवारी २०२५मध्ये हे प्लॅन आले. एअरटेलचे सुरुवातीला ४९९ आणि १९५९ रुपयांचे होते. ट्राय या प्लॅनची तपासणी करणार म्हटल्यावर ते काही दिवसांतच ४६९ (८४ दिवस, ९०० एसेमेस) आणि १८४९ (३६५ दिवस, ३६०० एसेमेस) झाले. जिओचा ४५८चा ४४८ झाला (८४ दिवस, १००० एसेमेस) आणि ३३६ दिवसांसाठी १७४८चा आला. रोजचा हिशेब केला तर सगळे पाच-साडेपाच रुपयांच्या आसपास. मी आईला मारत होते तो प्लॅन दिवसाला साडेदहा रुपयांचा पडत होता. वर्षाला दोन हजार रुपये पाण्यात!

२. वायफाय-वीर. घरी ब्रॉडबँड, ऑफिसात वायफाय. मोबाइल डेटा लागतो तो रिक्षा बुक करायला आणि यूपीआयला. रोज दीड जीबी मिळतो, रात्री बारा वाजता वाया जातो, सकाळी पुन्हा मिळतो. तुमचा रोजचा आकडा दोनशे-तीनशे एमबीच्या आत असेल, तर रोजच्या कोट्याऐवजी एकरकमी डेटावाला प्लॅन बघा. जुलै २०२४च्या यादीत जिओचा १८९ रुपयांत २८ दिवसांना दोन जीबी आणि ३०० एसेमेस, एअरटेलचा १९९ रुपयांत दोन जीबी, असे पर्याय होते. मोबाइल डेटा अगदीच नगण्य असेल तर फक्त कॉलवाला प्लॅनही चालेल. पण त्यावर वरून डेटा व्हाउचर मारता येतं का, हे घेण्याआधी विचारा. गोव्याला पोचल्यावर विचारून उपयोग नाही.

३. लोकल-सिरीजवाले. डोंबिवली ते सीएसएमटी रोज जाऊन-येऊन तीन तास आणि त्यात एक अख्खा एपिसोड. यांना डेटा हवाच. इथे मात्र कंपन्यांमध्ये खरा फरक सापडतो. जुलै २०२४च्या दरांत जिओ २९९ रुपयांत रोज दीड जीबी देत होतं, तेव्हा एअरटेल आणि व्हीकडे तेवढ्याला एक जीबी होता, दीडला ३४९ मोजावे लागत. फाइव्ह-जी फोन असेल तर आणखी एक गणित. त्याच दरवाढीत जिओ आणि एअरटेलनं अनलिमिटेड फाइव्ह-जी रोज दोन जीबी आणि त्याहून मोठ्या प्लॅनपुरतं ठेवलं. म्हणजे पन्नास रुपये वाचवायला गेलात तर डेटा मोजून वापरावा लागतो. तुमच्या रूटवर फाइव्ह-जी मिळतंच का, ते आधी बघा आणि मगच त्याचे पैसे द्या.

४. फील्डवर फिरणारे. इन्शुरन्स, सेल्स, इव्हेंट्स. दिवसाला साठ-सत्तर कॉल. यांना वाटतं आपल्याला 'मोठा' प्लॅन लागतो. अजिबात नाही! कॉल सगळ्यांनाच अनलिमिटेड. यांनी पैसे खर्च करावेत ते रेंजवर : दोन सिम, दोन वेगळ्या कंपन्यांची. ऑफिस बिल परत देत असेल तर पोस्टपेड सोयीचं. फक्त एक लक्षात ठेवा, प्रीपेडच्या किमतीत जीएसटी धरलेला असतो, पोस्टपेडच्या जाहिरातीतल्या आकड्यावर तो सहसा वरून लागतो. ३९९चं भाडं १८ टक्के जीएसटीसकट ४७१ होतं.

५. एसेमेसवाले. "एसेमेस आता कोण पाठवतं यार?" असं म्हणू नका. सोसायटीचे सेक्रेटरी, क्लासवाले सर, लग्न जमवणाऱ्या काकू, सगळे पाठवतात. कारण स्मार्टफोन नसलेल्यापर्यंत तोच पोचतो. इथे एक मराठी गोची आहे. इंग्रजी अक्षरांत एका एसेमेसमध्ये १६० अक्षरं मावतात, देवनागरीत फक्त ७०. त्यातही काना, मात्रा, वेलांटी हे सगळं वेगळं मोजलं जातं. 'क्ष' लिहिला की तीन गेले! मेसेज सत्तरच्या पुढं गेला की त्याचे दोन तुकडे होतात आणि कोट्यातून दोन वजा. साठ फ्लॅटच्या सोसायटीला 'उद्या सकाळी दहा ते दुपारी चार पाणी येणार नाही, कृपया आजच पाणी भरून ठेवावे' एवढं पाठवलं, की १२० एसेमेस झाले. रोजचे शंभर तिथंच संपले, पुढच्यांचे वेगळे पैसे. उपाय सोपा : 'उद्या १० ते ४ पाणी बंद. आज भरून ठेवा.' साठातच काम भागलं!

आणि एसेमेस पाठवत नसलात तरी दोन-चार शिल्लक असूद्या. नवीन फोनवर यूपीआय सुरू करताना अ‍ॅप तुमच्या सिमवरून एक एसेमेस बँकेकडे पाठवतं. तो गेला नाही तर गाडी तिथंच अडकते.

६. दुसरं सिमवाले. बँकेला जोडलेला जुना नंबर, ड्युअल सिमच्या दुसऱ्या खणात. त्यावर बोलायचं काहीच नसतं, पण तो मेला तर ओटीपीही मेले. ९० दिवस वापर झाला नाही तर नंबर बंद होऊ शकतो आणि पुढं दुसऱ्या कुणाला मिळूही शकतो. त्यामुळे एक तर त्याला लांब मुदतीचा साधा प्लॅन मारा, नाहीतर बँकेत जाऊन नंबर बदला. 'बघू नंतर' हा पर्याय नाही.

रेंजच नाही, तर प्लॅनचं लोणचं घालायचंय?

स्वस्त प्लॅन घेतला आणि बेडरूममधून बोलायला गॅलरीत जावं लागलं, तर काय कामाचं! 'कुठली कंपनी बेस्ट?' हा प्रश्नच चुकीचा आहे. तुमच्या घरात, तुमच्या ऑफिसच्या बाराव्या मजल्यावर, तुमच्या गावच्या अंगणात कुठली बेस्ट, असं विचारा. मुंबई हे टेलिकॉमच्या हिशेबात एक वेगळं सर्कल आहे, उरलेला महाराष्ट्र आणि गोवा हे दुसरं. त्यामुळे दादरमध्ये पाच कांड्या दाखवणारं सिम सावंतवाडीला मान टाकतं, हे अगदी शक्य आहे.

ट्रायच्या आदेशामुळे कंपन्यांना आपल्या वेबसाइटवर टू-जीपासून फाइव्ह-जीपर्यंतच्या कव्हरेजचे नकाशे टाकावे लागले आहेत. तिथं आपला पत्ता टाकून बघा. पण नकाशाला भिंती दिसत नाहीत. त्यामुळे खरी परीक्षा एकच : दुसऱ्या कंपनीचं सिम असलेल्या मित्राला घरी चहाला बोलवा आणि त्याचा फोन घेऊन खोल्याखोल्यांत फिरा. चहाच्या किमतीत सर्व्हे होतो! रेंज फक्त घरातच जात असेल, तर कंपनी बदलण्याआधी फोनच्या सेटिंग्जमध्ये वायफाय कॉलिंग सुरू करून बघा. कॉल वायफायवरून जातो, पैसे वेगळे पडत नाहीत.

आणि बीएसएनएल? जुलै २०२४मध्ये खासगी कंपन्यांनी दर वाढवले, तेव्हा बीएसएनएलनं वाढवले नाहीत आणि लाखो लोक तिकडे गेले. त्यांचं स्वदेशी फोर-जी सप्टेंबर २०२५मध्ये देशभरात सुरू झालं. गावी आई-बाबांच्या घरात रेंज पक्की असेल तर जरूर विचार करा. पण चहावाली टेस्ट इथंही सक्तीची!

नंबर तोच, कंपनी नवी

जानेवारी २०११पासून देशभर नंबर न बदलता कंपनी बदलता येते. तरी अनेक जण 'कोण कटकट करणार' म्हणून वर्षानुवर्षं कुरकुरत बसतात. करायचं एवढंच :

• PORT हा शब्द इंग्रजीत टाइप करून स्पेस देऊन आपला नंबर लिहा आणि १९००वर एसेमेस करा. प्लॅनमध्ये एसेमेस नसले तरी हा एसेमेस जायलाच हवा, असं ट्रायनं डिसेंबर २०२१मध्ये बजावलंय.

• उत्तरात एक कोड येतो. महाराष्ट्रात तो चार दिवस चालतो. तो घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जा, आधार सोबत ठेवा.

• त्याच सर्कलमध्ये असाल तर तीन, सर्कल बदलत असेल तर पाच कामाचे दिवस लागतात.

• सध्याच्या कंपनीकडे ९० दिवस झालेले हवेत आणि पोस्टपेडचं बिल थकलेलं नको. सिम नुकतंच बदलून घेतलं असेल तर सात दिवस थांबावं लागतं. चोरानं तुमच्या नावानं सिम काढून नंबर पळवू नये, म्हणून २०२४मध्ये ही अट आली.

आणखी एक. घराचा हप्ता किंवा तिकीट बुकिंग असेल त्या दिवशी पोर्टिंगच्या भानगडीत पडू नका. सिम बदलतानाच्या काही तासांत ओटीपी रुसू शकतात.

जाता जाता

• किंमत बघू नका, किमतीला दिवसांनी भागा.

• दर सारखे बदलतात. या लेखातले आकडे तारखेसकट दिलेत ते त्यासाठीच. रिचार्जच्या दिवशी ट्रायच्या टॅरिफ पोर्टलवर सगळ्या कंपन्यांचे प्लॅन एकत्र बघा.

• अ‍ॅपमध्ये सगळ्यात वर दिसतो तो प्लॅन कंपनीच्या आवडीचा असतो. तुमच्या आवडीचा सापडायला बोट खाली सरकवावं लागतं.

• ज्यांचा रिचार्ज तुम्ही करता, त्यांची तारीख तुमच्या कॅलेंडरमध्ये टाका. दोन दिवस आधीच्या अलार्मसकट.

हा शेवटचा मुद्दा मी भिंतीवर लिहून ठेवलाय. आईच्या नंबरला आता वर्षभराचा, फक्त कॉल-एसेमेसचा प्लॅन आहे. दिवसाला पाच रुपये. तिला तसं सांगितलंही. तरी रात्री नऊला दोन रिंग आणि कट सुरूच आहे.

परवा मी मुद्दाम फोन हातात घेऊन बसले आणि पहिल्याच रिंगला उचलला. ती दचकलीच. "अगं, उचललास कशाला?"

म्हटलं, "आजचे पाच रुपये भरलेत ना आई. बोल की!"

मग पंचवीस मिनिटं बोललो. रोज दीड जीबीत हे कुठं मिळत होतं?